आप्पा, गॅरेजातलं पाणी कुणाचं होतं?

आप्पा,

तुम्ही गेलात आणि या घरात संशय घ्यायला कुणी उरलं नाही. परवा दूधवाल्यानं माप तिरकं धरून दूध ओतलं. मी बघितलं, पण बोलले नाही. गॅसवाला सिलिंडर ठेवून गेला, तो कुणी हलवून बघितला नाही. भेटायला येणारी माणसं म्हणतात, "देवमाणूस होता बगा तुमचा सासरा." मी मान हलवते आणि मनात म्हणते, ही मंडळी चुकून दुसऱ्याच घरी आलेली दिसतायत. देवमाणूस कधी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सुनेच्या चहात साखर किती पडते ते बघतो का?

तुमच्या जाण्याबद्दल इथं काही लिहीत नाही. ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगून झालंय, आता सांगताना रडूही येत नाही. मला तुमच्याशी पाण्याबद्दल बोलायचंय. तुम्ही असताना मी एकदा विचारलं होतं. तुम्ही उत्तर टाळलंत. आता एकानं उत्तर दिलंय, पण त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे ज्यांना विचारायचं ते तुम्हीच आता नाही आहात.

मी हुपरीची. लग्न होऊन उचगावला आले ती माहेरचं काम घेऊनच आले. चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडायच्या, घुंगरं बसवायची. त्याला एक टेबल आणि उजेड लागतो. घरात तेवढी मोकळी जागा गॅरेजातच होती. मोटार घ्यायची म्हणून तुम्ही घर बांधतानाच गॅरेज काढलं होतं. मोटार कधी आली नाही, तुमची जुनी स्कूटर तेवढी त्या मोठ्या शटरआड एकटी उभी असायची. मी भीत भीत विचारलं, "आप्पा, टेबल ठेवू का तिथं?"

"ठेव की. पण स्कूटर हलवायची न्हाय."

आणि दुसऱ्या दिवशी बघते तर फरशीवर दोन्ही चाकांभोवती खडूनं खुणा! मी पैंजण जोडत बसले की तुम्ही काहीतरी शोधायच्या निमित्तानं यायचात, चाकं खुणेत आहेत का बघायचात आणि जायचात. मला तेव्हा तुमचा राग यायचा. माझ्यावर डोळा ठेवायला येता असंच वाटायचं. गेल्या श्रावणापर्यंत तरी नक्कीच.

गॅरेज बांधलं तेव्हा ते रस्त्याच्या बरोबरीनं होतं म्हणे. मग डांबरावर डांबर पडत गेलं, रस्ता वर आला आणि गॅरेज होतं तिथंच राहिलं. शटरपुढं आपोआप उतरण तयार झाली. आषाढात पाऊस लागून राहिला की पाणी त्या उतरणीवरून शटरखालून आत. हे कुणाही शहाण्या माणसाला दिसत होतं. तुम्हाला ते अर्धंच मान्य होतं.

"रस्त्याचं पाणी तांबडं असतंय," तुम्ही बोटानं पाणी उचलून मला दाखवायचात. "ह्ये बघ. ह्ये काळपट हाय. वास घे. ह्ये शिवगोंड्याच्या परड्यातलं हाय."

शिवगोंडा काका म्हणजे आपले लागून शेजारी. तुमच्याच वयाचे, तरुणपणी तुमच्याच तालमीतले. मागं परड्यात त्यांच्या म्हशी. तुमची त्यांची दोस्ती होती हे मला दुसऱ्यांकडून कळलं. मी बघितलं ते फक्त भांडण. पाऊस सुरू झाला की तुम्ही छत्री घेऊन मधल्या भिंतीपाशी जायचात.

"शिवगोंड्या, तुझं पाणी बंद कर!"

"पाणी काय माझं हाय? वर बघून बोल की!"

"म्हशीचा वास मारतोय त्याला!"

"मग वास तेवढा परत पाठीव!"

तुमचा मुलगा एमआयडीसीत पाळीला. त्याचं एकच म्हणणं, "तुमचं तुम्ही बघा." म्हणून ते तुम्हीच बघत राहिलात. शटरच्या तोंडाला सिमेंटचा उंचवटा घातलात. त्यावरून पाणी आत यायचं ते आलंच, फक्त आता त्याला बाहेर जाता येईना. मग फौंड्रीतल्या ओळखीनं ओतकामाची काळी वाळू आणून पोती भरलीत आणि शटरला लावलीत. उभी हयात फौंड्रीत गेली तुमची, त्या वाळूवर तुमचा माझ्यापेक्षा जास्त भरवसा. पोती झिरपली. काळं पाणी टेबलाखाली आलं, खाली ठेवलेले पैंजण काळे झाले आणि हुपरीहून सगळा माल परत आला. व्यापारी फोनवर म्हणाला, "ताई, असं होणार असेल तर काम दुसरीकडं द्यावं लागेल." तुम्ही मागं उभे राहून ऐकत होतात, हे मला पाठीला कळत होतं.

गेल्या श्रावणातली ती दुपार आठवते? मी वर कपडे काढायला गेले होते. खाली आले तर गॅरेजात घोट्याच्या वर पाणी. आणि त्यात तुम्ही, धोतराचा काचा मारून, माझ्या पैंजणांचे ट्रे दोन्ही हातांत धरून जिन्याकडं येत होतात. एक ठेवला की दुसरा. मग कड्यांचे डबे, मग दिवा. मागं तुमची स्कूटर आडवी पडलेली. पाण्यावर पेट्रोलचे रंग पसरलेले.

"आप्पा, स्कूटर पडली की!"

"पडू दे. तुझं सामान वाटंत हुतं म्हणून उचललं."

वाटेत नव्हतं, आप्पा. ते भिंतीला लागून होतं. वाटेत स्कूटर होती.

पाणी ओसरल्यावर तुम्ही जुन्या बनियननं स्कूटर पुसत बसलात. मी चहा आणून दिला. तुम्ही तो घेतलात, बशीत ओतलात आणि साखरेबद्दल काही बोलला नाहीत. त्या दिवशी मी ठरवलं की आता हे पाणी बाहेर काढायचंच. माझ्या कामासाठी तर होतंच, पण तुम्हाला पुन्हा तसं पाण्यात वाकलेलं बघायचं नव्हतं.

गणपत गवंड्याला मी बोलावलं. त्यानं सांगितलं ते सोपं होतं. शटरच्या पुढं आडवा चर खणायचा, त्यावर लोखंडी जाळी, म्हणजे उतरणीवरून आलेलं पाणी आत शिरायच्या आधीच खाली पडेल. चराच्या टोकाला गाळ साठायला खड्डा आणि तिथून पाईपनं पाणी मागच्या ओढ्यात. अडचण एकच. आपल्या बाजूनं मागं चढ आहे. ओढ्याकडं उतार मिळतो तो फक्त शिवगोंडा काकांच्या परड्यातून.

"मग ऱ्हाऊ दे," तुम्ही म्हणालात. "बुडू दे गॅरेज."

"विचारायला काय जातंय?"

"त्येच्या दारात जाऊन पाण्याला वाट मागू? आधी त्यानंच पाणी सोडायचं आन् मग मी त्येच्याकडंच मागायचं?"

तुम्ही बाजाराला गेलात आणि मी शेजारी गेले. शिवगोंडा काका म्हशीपुढं वैरण टाकत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली नाही.

"दत्तानं पाठिवलं तुला?"

"नाही. आप्पांना ठाऊक पण नाही."

"खरं सांग पोरी. डाव काय हाय त्येचा? आज पाईप घालशील, उद्या त्येच्यावरनं वाट मागशील."

"वाट मागितली तर पाईप उपटून टाका."

ते थोडे हसले. मग विचारलं, "कुठनं न्यायचा म्हणतोय गवंडी?" मी भिंतीच्या कडेनं हात करून दाखवलं. त्यांचं हसू गेलं.

"तिथनं नगो. पलीकडनं न्या."

"पलीकडनं उतार मिळत नाही, काका."

त्यांनी पेंढी म्हशीपुढं टाकली, भिंतीकडं बघितलं. मग म्हणाले, "खणा मग. निघंल ते निघंल."

आप्पा, तुमच्या घरात राहून मी काय शिकले असेन तर हेच. माणूस सहज म्हणून जे बोलतो ते ऐकून ठेवायचं. 'निघंल ते निघंल' मी ऐकून ठेवलं. तुम्हाला मात्र सांगितलं नाही. तुम्हाला नुसतं कळलं की ते हो म्हणाले, तरी तुमचा पारा चढला.

"फुकट व्हय म्हणाला? मग नक्की काय तरी हाय. आन् तू त्येच्या पार्टीत कवा गेलीस?"

तेव्हापासून दोन्ही वेळा तुम्ही ताट घेऊन पुढच्या खोलीत जेवू लागलात. तुम्हाला वाटलं मला वाईट वाटेल. मला वाईट वाटत होतं ते तुम्हाला वाढताना तुमचा चेहरा दिसत नव्हता म्हणून.

भाद्रपदात उघडीप मिळाली आणि काम सुरू झालं. तुम्ही लोखंडी खुर्ची टाकून चराच्या काठाशी बसलात. गणपतनं नळीत पाणी भरून लेव्हल धरली तरी तुमचं समाधान होईना. तुम्ही बादलीभर पाणी ओतायला लावायचात आणि ते कुठं थांबतं का बघायचात. "नळीला काय, तू धरशील तशी धरतीया," असं त्याच्या तोंडावर म्हणालात. तो बिचारा हसला आणि पुन्हा बादली ओतली.

भिंतीजवळ खणताना पहार कशावर तरी ठण्णकन वाजली. माती बाजूला केली तर एक पाईप. भिंतीखालून, शिवगोंडा काकांच्या बाजूनं आलेला आणि बरोबर आपल्या उतरणीच्या पोटात तोंड उघडलेला. तोंडाशी काळपट चिखल. त्याला म्हशीचा वास.

गणपत ओरडला, "आप्पा, तुमचंच खरं हुतं की ओ! पाणी तिकडनंच येत हुतं!"

मी तुमच्याकडं बघितलं. इतके पावसाळे तुम्ही हेच ओरडत होतात आणि आम्ही सगळे तुम्हाला हसत होतो. मला वाटलं, आता तुम्ही उठाल, भिंतीवर काठी आपटाल, अख्ख्या गल्लीला गोळा कराल. शिवगोंडा काका पलीकडं भिंतीवर हात ठेवून उभे होते. तुम्ही त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी तुमच्याकडं.

मग तुम्ही गणपतला म्हणालात, "तोडू नगंस त्यो. नव्या चरात जोडून घे. न्हाईतर त्येच्या परड्यात तुंबंल."

एवढंच. खुर्ची मिटलीत आणि आत गेलात.

माझ्या मनात संशय शिरला तो तेव्हा. तो पाईप सिमेंटचा नव्हता, खापराचाही नव्हता. बिडाचा होता, ओतीव, एका कडेला फुगलेला, फौंड्रीतून खराब म्हणून बाजूला टाकतात तसा. आपल्या गल्लीत फौंड्रीत कामाला दुसरं कोण होतं? रात्रीच्या जेवणाला तुम्ही पुन्हा आमच्यात येऊन बसलात. मी विचारलं.

"आप्पा, तो पाईप कुणी टाकला?"

"जुना हाय."

"जुना आहे. पण टाकला कुणी?"

"असंल कुणीतरी. भाजीत मीठ कमी पडलंय."

भाजीत मीठ बरोबर होतं. तुमच्या मुलानं दोनदा घेतली.

परतीच्या पावसात गॅरेज कोरडं राहिलं. मी टेबल पुन्हा शटरजवळ उजेडाला घेतलं. तुम्ही जाळी उचलून पानं काढायचात, खड्ड्यातला गाळ उपसायचात, चरात बादली ओतून बघायचात. पण एक गोष्ट मला दिसत होती. पाऊस आला की तुम्ही सवयीनं छत्री घ्यायचात, भिंतीपाशी जायचात आणि नुसतेच उभे राहायचात. पलीकडून काका पण यायचे. ओरडायला दोघांकडं काही उरलं नव्हतं. थोड्या वेळानं तुम्ही परत यायचात आणि छत्री झटकायचात. वैशाखात वळीव पडला तेव्हाही तसंच. त्यानंतरचा पाऊस तुमच्या वाट्याला आला नाही.

रक्षाविसर्जन झालं, पाहुणे पांगले आणि शिवगोंडा काका आले. घरात न येता गॅरेजच्या पायरीवर बसले. मी पाणी दिलं. ते न पिताच बोलायला लागले.

"त्यो पाईप आमी दोघांनी टाकलाय, पोरी. तुमचं घर उठायच्या आधी. माझ्या परड्याच्या ह्या कोपऱ्यात पाणी तुंबायचं. दत्तानंच फौंड्रीतनं पाईप आणला, सायकलला बांधून. दोघांनी चर मारला. तवा तुमच्या बाजूला नुसता खड्डा हुता, पाणी तिथंच आपसुक जिरायचं. मग त्येनं गॅरेज बांधलं. पाईप कुणाच्या ध्यानात ऱ्हायला न्हाय."

"आणि पाणी आत यायला लागल्यावर?"

"तवा मला आठवलं. पर त्यो असा अंगावर आला वरडत, मी बी म्हणालो, माझं पाणी न्हाय. एकदा म्हणालो ते म्हणालो. मागं कसं फिरायचं?"

"मग आप्पांना आठवलं नाही?"

काकांनी आता पाणी प्यायलं. सगळं संपवलं आणि तांब्या खाली ठेवला. "आठवत हुतं. वळवानंतर आलता माझ्याकडं. तू हुपरीला गेलतीस. कट्ट्यावर बसला आन् म्हणाला, शिवा, पाईप माझ्या बी ध्यानात हुता. तू आधी बोलतोस का बघत हुतो."

खरं सांगू आप्पा? मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते आणि तुमच्यासारखाच विचार करत होते. मी नेमकी घरी नसतानाच तुम्ही त्यांच्याकडं गेलात? कुणी बघितलं नाही? जे बोललात ते सांगायला तुम्ही नाही, फक्त तेच आहेत. इतके पावसाळे खोटं बोललेला माणूस आता अर्धं पाप मेलेल्याच्या नावावर टाकतोय, असं मला वाटलं. तुम्ही असतात तर हेच म्हणाला असतात.

पण मग मला तुमचंही आठवलं. गणपतनं चिखल पुसायच्या आधीच तुम्ही म्हणालात, तोडू नको. पाईप चालू आहे, काकांच्या परड्याचा आहे, तोडला तर तुंबेल, हे सगळं तुम्हाला त्या चिखलाच्या गोळ्याकडं बघून कळलं? बादली ओतल्याशिवाय उतारावर विश्वास न ठेवणारा माणूस त्या दिवशी बादली मागत नाही? आणि ते मीठ, आप्पा.

मी काकांना विचारलं, "दोघांनाही ठाऊक होतं, तर भांडत कशाला होता?"

"आधी कुणी बोलायचं ह्याच्यावर अडलं हुतं." मग म्हणाले, "तालीम सुटली, कामं सुटली. माझ्याकडं त्यो कशाला आला असता? शिव्या द्यायला तरी येत हुता."

हे फार गोड बोलणं झालं. आणि गोड बोलणाऱ्याला आधी तपासून घ्यायचं हे तुम्हीच मला शिकवलंत. म्हणून मी एवढंच विचारलं, "तसं होतं तर आप्पांनी मला का सांगितलं नाही?"

काका उठता उठता म्हणाले, "मी बी म्हणालो, सुनंला सांग. तर म्हणाला, नगो. ती हसंल. आन् ती हसली की मला बी हसू येतंय, मग सासरा म्हणून कोण विचारणार?"

हे ऐकल्यावर मी आत गेले. तोंड धुतलं. हे वाक्य कुणाला रचता येईल का, याचा मी अजून विचार करतेय. शिवगोंडा काका हुशार आहेत. पण इतके?

मी हुपरीहून कामासकट आले. तुम्ही कधी 'राहू दे ते काम' म्हणाला नाहीत, कधी 'चांगलं करतेस' असंही म्हणाला नाहीत. मी पण कधी म्हणाले नाही की त्या दिवशी तुम्ही ट्रे उचललेत ते मला कळलं. आपण दोघंही दुसरा आधी बोलेल म्हणून थांबलो की काय, कुणास ठाऊक. तुमची आणि काकांची ती खोड मला लागायला नको होती.

आता आषाढ लागलाय. काल सकाळपासून झड होती. मी जाळी उचलून पानं काढली, खड्डा बघितला, शटर अर्धं वर करून कामाला बसले. उतरणीवरून पाणी जोरात येत होतं आणि जाळीतून खाली जात होतं. आत थेंब नाही. दुपारी भिंतीपलीकडं छत्री दिसली. काका उभे होते. बराच वेळ उभे होते. मग ओरडले, "पोरी, आलं काय पाणी आत?"

मी फरशीकडं बघितलं. कोरडी ठणठणीत.

"आलंय की थोडं," मी म्हणाले. "बघून जावा काका."

ते फाटकातून आले. चपला बाहेर काढल्या, आत आले, वाकून फरशीवर तळहात टेकवला. एका कोपऱ्यात टेकवला, दुसऱ्या कोपऱ्यात टेकवला. मग कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि माझ्याकडं असं बघितलं की मला तुमचीच आठवण झाली.

"कुठं हाय पाणी?"

"होतं आत्ता," मी म्हणाले. "बसा. चहा ठेवते."